रात्रीचं भरणं आणि थर्मल दुर्बीण

मागच्या वर्षी कार्तिकातली गोष्ट. रात्रीची लाईट होती, आमचे हे साडेदहाला उसाला पाणी द्यायला गेले आणि पाऊण तासात परत आले, मोटर तशीच चालू. पाट फुटला का म्हणून विचारलं तर "नाही, थंडी वाजली" एवढंच म्हणाले नि पांघरूण घेऊन झोपले. दोन दिवसांनी जेवताना सांगितलं. एक दारं (पाटातून सरीत पाणी सोडायचं तोंड) मोडून दुसरं घालायला फावडं घेऊन वाकले होते आणि डाव्या अंगाला उसातनं गुरगुर ऐकू आली, आठ-दहा फुटांपेक्षा लांब नाही. बॅटरी मारली तर नुसता ऊस, पाचटाचासुद्धा आवाज नाही. तसेच उलट्या पावली बांधावर आले आणि घर गाठलं. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते वाकलेले होते हे. वनखात्याचे लोक गावात येऊन सांगतात त्यात ही गोष्ट हमखास असते की रानात बसून, वाकून काम करताना जपा, वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं. आणि दारं धरणं म्हणजे रात्रभर वाकणंच.

आम्ही जुन्नर तालुक्यातले, येडगाव धरणाच्या खालच्या अंगाला आमचा मळा. कुकडीचं पाणी आलं तसा ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबट्या, आमचे आण्णा त्याला अजून वाघच म्हणतात. आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष रानात उभा असतो, आत गारवा, पाणी जवळ, खायला कुत्री, शेळ्या, डुकरं, मग त्याला डोंगरात जायचं कारणच काय. पिल्लं उसात होतात आणि उसातच मोठी होतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर सगळीकडे हेच. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे पण सगळे बिबटे पकडून तिथं नेणं शक्य नाही आणि एक नेला तर त्याची जागा दुसरा घेतो, हे आता इथल्या शाळेतल्या पोरांना पण माहीत आहे. म्हणजे तो राहणार, आम्ही राहणार, आणि थ्री फेज लाईट रात्री आली की कुणाला तरी रानात जावंच लागणार. प्रश्न एवढाच की जायच्या आधी आणि गेल्यावर आपल्याला आजूबाजूचं दिसणार कसं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवर कालवड गेली म्हणून वनखात्याची माणसं ड्रोन घेऊन आली होती. मी ड्रोन उडवणाऱ्या मुलाच्या मागं उभी राहून स्क्रीन बघत होते. पूर्ण अंधार, आणि स्क्रीनवर आमच्या गोठ्यातल्या गाई पांढऱ्याशुभ्र, वैरणीच्या ढिगापाशी उभे असलेले आण्णा पांढरे, चुलीतली राख तर चमकत होती. मी विचारलं एवढा उजेड कुठून आला तर तो म्हणाला, "ताई, हा उजेड नाही, ही उष्णता आहे." मी बीएस्सी फिजिक्स केलेलं, नंतर लग्न होऊन इकडं आले आणि ते सगळं मागं पडलं, पण त्या रात्री ते वाक्य डोक्यात बसलं.

तरी पहिल्या वेळी चूक केलीच. मोबाईलवर शोधलं की नाईट व्हिजन म्हणून शंभर वस्तू येतात, दहा-बारा हजारापासून, आणि फोटो असे दाखवतात की मैलभर लांबचं हरीण स्वच्छ दिसतंय. घाई होती, एक मागवली. ती डिजिटल नाईट व्हिजन होती, म्हणजे आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यासारखाच सेन्सर आणि सोबत एक इन्फ्रारेड बॅटरी. ती बॅटरी आपल्याला दिसत नाही अशा उजेडाचा झोत टाकते, तो समोरच्या वस्तूवरून परत येतो आणि स्क्रीनवर काळं-पांढरं चित्र दिसतं. अंगणात लावून बघितली तर खूप छान, गोठा, ट्रॅक्टर, मोत्या कुत्रा, सगळं दिसलं. रानात नेली आणि समोरचा ऊस असा पांढरा भडक झाला की त्याच्या मागं काळी भिंत. हिरवं पान ह्या जवळच्या इन्फ्रारेडला शोषत नाही, जवळजवळ निम्मा झोत परत फेकतं, त्यामुळं पहिल्या दोन ओळींची पानं लखलखतात आणि सेन्सर त्यांच्या हिशेबानं बाकी सगळं काळं करून टाकतो. कॅनॉलच्या बाजूला थोडं धुकं होतं तिथं तर मोटारीचा हेडलाईट धुक्यात मारल्यासारखं झालं.

तिचा एक उपयोग मात्र आहे. जनावर तोंड आपल्याकडं करून असेल तर डोळे चमकतात, अगदी लांबून. पण पाठमोरा बसलेला बिबट्या वाळल्या पाचटात दिवसा डोळ्यांना दिसत नाही, तो ह्या यंत्रात कसा दिसणार, कारण हे यंत्रसुद्धा अंगावरून परत येणारा उजेडच बघतं आणि त्याचे ठिपके त्याच कामासाठी आहेत. झोताची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर असेल तर बॅटरीच्या तोंडाशी फिकट लाल ठिपका दिसतो, ९४० चा असेल तर दिसत नाही पण लांब पोचत नाही, एवढाच काय तो फरक. ती वस्तू आता आण्णा गोठ्यावर वापरतात आणि तिथं ती चांगली चालते.

मग मी नीट वाचायला बसले, रोज रात्री पोरं झोपल्यावर तासभर. सैन्यातले लोक वापरतात ती खरी नाईट व्हिजन म्हणजे ट्यूबवाली. चांदण्यांचा जो काय थोडासा उजेड असतो तो फोटोकॅथोडवर पडतो, तिथून इलेक्ट्रॉन निघतात, लाखो बारीक भोकं असलेल्या एका चकतीतून जाताना एकाचे हजारो होतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर आपटून चित्र उमटतं. ती हिरवी असायची कारण हिरव्या रंगाच्या छटा आपल्या डोळ्याला सगळ्यात चांगल्या कळतात. जनरेशन एकमध्ये ती चकती नसते, दोनमध्ये आली, तीनमध्ये फोटोकॅथोड गॅलियम आर्सेनाइडचा झाला. वाचायला फार भारी वाटलं. पण किंमत काही लाखांत, आणि अमावास्येला ढग असताना दहा फुटी उसाच्या मधल्या पाटावर उजेडच नसतो तर वाढवणार काय. आणि तिथंही अडचण तीच, ठिपके ठिपकेच राहणार. तेव्हा ते बाजूला ठेवलं.

थर्मलचं वेगळं. आपल्या डोळ्याला ०.४ ते ०.७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. थर्मल कॅमेरा बघतो ८ ते १४ मायक्रॉन, आणि ह्या पट्ट्यात माणूस, जनावर, दगड, माती सगळेच स्वतःच झळकत असतात, बाहेरून उजेड लागत नाही. आत व्हॅनेडियम ऑक्साइडचे बारीक चौकोन असतात, त्यांच्यावर उष्णता पडली की ते किंचित गरम होतात, त्यांचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरून चित्र तयार होतं. पुढची लेन्स काचेची नसते, जर्मेनियमची असते, कारण साधी काच ह्या किरणांना भिंतीसारखी आहे. म्हणूनच वस्तू महाग. आणि म्हणूनच घरात बसून खिडकीच्या काचेतून बघायचा विचार असेल तर तो सोडा, नुसती करडी काच दिसते आणि त्यात आपल्याच चेहऱ्याची धूसर सावली.

पण विकत घ्यायच्या आधी ह्या खेपेला मला हातात घेऊन बघायचंच होतं. माझा मामेभाऊ सोलरची कामं घेतो, त्याच्याकडं पॅनलमधले हॉटस्पॉट, म्हणजे जास्त तापलेल्या जागा, शोधायला मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा आहे. दोन दिवसांसाठी मागून आणला. सोयाबीन काढलेलं मोकळं रान होतं, तिथं ह्यांनी टेपनं मोजून २५, ५०, ७५ आणि १०० मीटरवर खुंट्या ठोकल्या, धाकट्या भाऊजींनी मोत्याला साखळीला धरून एकेका खुंटीपाशी उभं केलं आणि मी बांधावरून बघून वहीत लिहीत गेले. २५ ला कुत्रा आहे हे कळलं, पाय आणि शेपूट वेगळं दिसलं. ५० ला तीन-चार पांढरे चौकोन एकमेकांना चिकटलेले, भाऊजी शेजारी नसते तर मी ते काय आहे हे सांगू शकले नसते. ७५ ला एक ठिपका, तोसुद्धा मोत्या हलला की. १०० ला मी तीन वेळा चुकीच्या जागी बोट दाखवलं. ती वहीची पानं माझ्याकडं अजून आहेत कारण पुढचं सगळं गणित त्यावरून कळलं.

गणित सोपं आहे. सेन्सरचा एक चौकोन किती मायक्रॉनचा ते बघायचं, आता बहुतेक १२ चा असतो. त्याला लेन्सच्या मिलिमीटरनं, म्हणजे फोकल लेंग्थनं, भागायचं. जे येईल तेवढे मिलिमीटर एक चौकोन दर मीटर अंतराला झाकतो. मामेभावाच्या कॅमेऱ्याची लेन्स जेमतेम ३.२ मिलिमीटरची, म्हणजे १२ भागिले ३.२, पावणेचार. ५० मीटरवर एक चौकोन जवळजवळ १९ सेंटिमीटर. मोत्याची उंची दीड-दोन फूट, मग तीनच चौकोन दिसणार की. कॅमेरा वाईट नाही, तो दहा फुटांवरून पॅनल बघायला केलेला आहे, त्या कामाला त्याचा रुंद पट्टा, म्हणजे एका वेळी दिसणारी रुंदी, चांगला.

तेच गणित दुकानातल्या दुर्बिणींना लावलं. २५६ बाय १९२ चा सेन्सर आणि १० मिलिमीटर लेन्स, १२ भागिले १० म्हणजे १.२, १०० मीटरवर एक चौकोन १२ सेंटिमीटरचा. बिबट्या खांद्याला साधारण ६० ते ७० सेंटिमीटर, म्हणजे उभ्यात पाच चौकोन. काहीतरी आहे हे कळेल, कुत्रा की बिबट्या हे कळायला चालताना बघावं लागेल. ३८४ बाय २८८ ला १५ मिलिमीटर लेन्स घेतली तर १०० मीटरवर आठ सेंटिमीटर, बिबट्या सात-आठ चौकोन, आणि ५० मीटरवर पंधरा. गंमत म्हणजे ह्या दोन्हीत दिसणारा पट्टा सारखाच, १०० मीटरवर तीस मीटरच्या आसपास रुंद, फक्त दुसऱ्यात वीण बारीक.

जाहिरातीत "डिटेक्शन ७०० मीटर", "१२०० मीटर" असं लिहितात ते उभ्या माणसाचं असतं, आणि डिटेक्शन म्हणजे दोन-तीन चौकोन उजळले, काहीतरी गरम आहे, बस्स. ते काय आहे हे ओळखायला अंतर बरंच कमी करावं लागतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून इथं लिहितेय.

दुकानदार, पुण्यातला, माणूस चांगला होता पण त्याचा सगळा भर ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर. लांबचं दिसतं, झूम भारी. मी त्याला म्हटलं मला लांबचं नकोच आहे. आमचा पाट ते उसाची कड हे अंतर वीस मीटर, घर ते विहीर सत्तर मीटर, शंभरच्या पुढं बिबट्या असला तर असू दे बिचारा. मला भीती वीस ते ऐंशी मीटरची आहे आणि तिथं मला पट्टा रुंद पाहिजे. ३५ ची लेन्स घेतली तर ५० मीटरवर साडेसहा मीटरचीच फट दिसते, जणू पाइपातून बघतोय, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईपर्यंत मधलं राहून जातं. १५ च्या लेन्सला तिथंच पंधरा मीटर दिसतं. हे वाक्य मी दुकानात उभं राहून तीनदा म्हटलं असेल. तुमचं रान डोंगराला लागून मोकळं असेल, मेंढ्या लांब चरत असतील, तर गणित उलटं होईल, तेव्हा आपलं अंतर आधी टेपनं मोजा. आणि झूमच्या आकड्याला भुलू नका, पहिला आकडा लेन्सचा असतो, पुढचे सगळे तेच चौकोन मोठे करून दाखवतात.

अजून दोन गोष्टी तिथं पारखल्या. एक म्हणजे एनईटीडी, किती बारीक फरक कळतो त्याचं माप, मिलीकेल्विनमध्ये, जितकं कमी तितकं चांगलं. ५० चं आणि २५ च्या खालचं अशी दोन यंत्रं शेजारी शेजारी धरून दुकानाच्या गच्चीवरून झाड बघितलं, ५० वाल्यात झाड म्हणजे एक करडा गोळा, दुसऱ्यात फांद्या सुट्या सुट्या. हिवाळ्यात दोन्ही चालतील, पण एप्रिल-मेमध्ये रात्रीसुद्धा जमीन तापलेली असते आणि जनावराच्या केसांचं वरचं तापमान तिच्या जवळपास जातं, तेव्हा हा आकडा कामाला येतो. लेन्सचा एफ आकडा पण विचारा, १.० असला तर उष्णता जास्त आत येते. दुसरं म्हणजे फ्रेम रेट, सेकंदाला किती चित्रं येतात ते. ९ हर्ट्झवाली यंत्रं मिळतात, हात फिरवला की चित्र अडखळत येतं, आणि आमचं काम तर हात फिरवायचंच. किमान २५ घ्या, आम्ही ५० घेतलं.

दुकानात बंदुकीवर बसवायची मॉडेल्सपण होती. आम्हाला ती नकोच होती, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, त्याला काही करायचा विचारसुद्धा नाही, आम्हाला फक्त तो कुठं आहे हे बघून त्याच्या वाटेतनं बाजूला राहायचंय. पक्कं बिल, वॉरंटी भारतातली, सेल काढून बदलता येणारा, एवढं बघितलं. किंमत एका घराला झेपणारी नव्हती, लाखाच्या वर गेली. आमच्या मळ्यात चार घरं, विहीर दोघांत, ट्रान्सफॉर्मर चौघांत, तेव्हा वर्गणी काढली. ज्याचं भरणं त्याच्याकडं त्या रात्री दुर्बीण, सकाळी चार्जिंग करून पुढच्या घरी. पाटपाण्यावरून आमच्यात भांडणं झालीत पण ह्या वस्तूवरून एकदाही झालं नाही.

हातात आल्यावर पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी आणि पहाटे स्लॅबवर जाऊन नुसती बघत बसायचे. कारण यंत्र दाखवतं, ओळखायचं आपल्यालाच. संध्याकाळी सातला बांधावरचा प्रत्येक दगड पांढरा असतो, दिवसभर तापलेला, विहिरीचा कठडा, स्टार्टरची पेटी, मोटरची पाइप, सगळं जनावरासारखं दिसतं. पहिल्या दिवशी आमच्या तालीवर चार बिबटे बसलेत असं मला वाटलं होतं. ते चार दगड आता पाठ आहेत. रात्री एक-दोनच्या पुढं दगड निवतात आणि मग जे पांढरं दिसतं ते बहुतेक जिवंतच. पाणी दिलेलं रान एकसारखं काळं गार पडतं, त्यात उंदीर पळाला तरी दिसतो, म्हणून भरलेल्या सऱ्यांकडचं बघणं सोपं आणि कोरड्याकडचं अवघड. सूर्य उगवायच्या नि मावळायच्या वेळी एक काळ असा येतो की सगळ्याचं तापमान एकसारखं होतं आणि चित्र पुसट होतं. दाट धुक्यात अंतर बरंच कमी होतं, पावसातही. मधेच टक् आवाज होऊन चित्र क्षणभर थांबतं, ते बिघडलेलं नसतं, आतला पडदा पडून सेन्सर स्वतःला जुळवून घेतो, पहिल्यांदा मी घाबरले होते.

डोळ्याचं एक सांगते. स्क्रीनकडं बघितलं की तो डोळा अंधाराला आंधळा होतो आणि परत पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून मी उजेड सगळ्यात कमी ठेवते आणि नेहमी डाव्या डोळ्यानंच बघते, उजवा चालायला राखून ठेवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थर्मल उसाच्या आत बघत नाही. लोकांना वाटतं उष्णता म्हणजे आरपार. नाही. पान आडवं आलं की संपलं, पानाचीच उष्णता दिसते. उसाच्या फटीतनं जेवढा कान, जेवढी पाठ उघडी असेल तेवढाच तुकडा दिसतो, तोसुद्धा तुम्ही जागा बदलत राहिलात तर. म्हणजे यंत्रात काही दिसलं नाही ह्याचा अर्थ काही नाही असा कधीच घ्यायचा नाही. दिसलं तर आहे, नाही दिसलं तर माहीत नाही. हे मी चारी घरांतल्या प्रत्येकाला, आमच्या पंचाहत्तरीच्या आण्णांनासुद्धा, बसवून सांगितलं, कारण दुर्बीण आली म्हणून एकट्यानं जायला लागलो तर आधीपेक्षा वाईट. दुर्बीण असूनही दोघांनीच जायचं, हातात काठी, मोबाईलवर गाणी मोठ्यानं. हे वाकतात तेव्हा मी पाठीला पाठ लावून उभी राहते आणि बांध, पाट, उसाची कड असं फिरवत राहते. तीन सऱ्या झाल्या की दोघंही थांबून चारी दिशा.

माघात एका रात्री, दोन वाजून गेले होते, ह्यांनी दारं मोडलं आणि मी कडेवरून फिरवत आणलं तर पश्चिमेच्या बांधावर, साधारण साठ मीटरवर, तो बसलेला. कुत्र्यासारखा बसला होता, पुढचे पाय सरळ. डोकं आणि छाती पांढरी, कान त्याहून जरा फिके, शेपूट बांधावरून खाली सोडलेली आणि तिचं टोक तेवढं हलत होतं. मी हळूच म्हटलं, "अहो, उठा." ते उठून सरळ उभे राहिले, फावडं तसंच पाण्यात. बॅटरी मारली तर साठ मीटरवर फक्त दोन हिरवट ठिपके आणि तेसुद्धा लगेच गेले, मान वळवली असणार, पण माझ्या डोळ्यासमोर तो तसाच बसून होता. आम्ही मोठ्यानं बोलायला लागलो, मुद्दाम, उद्या गिरणीत दळण टाकायचंय वगैरे जे सुचेल ते. तीन-चार मिनिटांनी तो उठला, अंग ताणलं, आणि कॅनॉलच्या बाजूला चालत गेला, पळत नाही, चालत. तो गेला त्यानंतर बांधावर जिथं बसला होता तिथं फिकट गोल डाग राहिला होता, गवत त्याच्या अंगानं तापलेलं. मी त्या डागाकडं बघत राहिले. मिनिटभरात तो विझत विझत बांधाच्या रंगाचा झाला. त्या रात्री आम्ही पुढची पाच दारं धरून मगच घरी आलो, आणि त्या दिवसापासून ह्यांना रात्री झोप लागते.

आणि जे दिसत नाही त्याचं पण सांगते. फाल्गुनात ऊसतोड आली. तोडायच्या आधी पहाटे पाचला मी आणि भाऊजींनी प्लॉटच्या चारी बाजूंनी फिरून, स्लॅबवरूनही, बारीक बघून घेतलं होतं, काही नव्हतं. दहाच्या सुमारास टोळीतल्या एका बाईनं हाक मारली. कडेपासून पंधरा फूट आत, पाचटाखाली, मांजराएवढी तीन पिल्लं. आम्ही सकाळी त्यांच्यापासून पंधरा फुटांवर उभे होतो. काम थांबवलं, कुणी हात लावला नाही, वनखात्याच्या १९२६ ह्या नंबरला फोन लावला. वनखात्याची माणसं आली, पिल्लं तपासली, आणि संध्याकाळी त्याच जागेवर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून, कॅमेरा लावून सगळ्यांना लांब पाठवलं.

मी स्लॅबवर बसले. घर ते ती जागा एकशेवीस मीटर. पावणेनऊला उरलेल्या उसातनं मादी बाहेर आली, सहा-सात चौकोन उंचीची एक लांबट आकृती, थांबली, परत आत गेली, परत आली. क्रेटपाशी बराच वेळ. मग उसाकडं गेली. तोंडात पिल्लू होतं की नाही हे एवढ्या अंतरावरून आमच्या यंत्रात कळण्यासारखं नव्हतं, मी कितीही झूम केलं तरी चौकोन मोठे झाले, चित्र नाही. अशी ती दोन तासांत तीनदा आली आणि गेली. सकाळी वनखात्याच्या माणसांबरोबर जाऊन बघितलं तर क्रेट आडवा पडला होता आणि रिकामा होता. उरलेला अर्धा एकर दोन दिवसांनी तोडला.